बैलाची उजवी कूस

पुठ्ठा उलटा करायचा सोडून मी बैल उलटा केला.

एवढंच झालं. बाकी जे काही झालं, म्हणजे माझ्या तीन बरगड्या, बैलाची फाटलेली नाकपुडी, शाळेची फुटलेली पाण्याची टाकी आणि एका बापाच्या मांडीतून आलेलं रक्त, ते सगळं या एका अकलेच्या कामातून निघालं. चौकशीला आलेले साहेब म्हणाले होते, "नेमकं काय घडलं ते थोडक्यात सांगा." मी वरचं वाक्य सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "एवढं पण थोडक्यात नको."

तर सविस्तर सांगतो.

कर्जत आणि खालापूर तालुक्यांच्या हद्दीवर, डोंगराच्या अगदी पायथ्याला दोन खोल्यांची शाळा आहे. तिथे आम्ही दोघंच शिक्षक. मुख्याध्यापक म्हणून एक बाई, ज्यांना सगळं गाव 'मोठ्या बाई' म्हणतं, आणि दुसरा मी, ज्याला गाव काय म्हणतं ते मला अजून कुणी तोंडावर सांगितलेलं नाही. तिसरी-चौथी माझ्याकडे. शरीर, प्राणी, पोट, पचन असलं काही शिकवायचं असलं की मी मुलांना चित्रं काढायला लावायचो, आणि तीही पुस्तकात बघून नाही, खरी वस्तू समोर ठेवून. माझा एक नियम होता. फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात मी तो कायमचा लिहून ठेवला होता: दिसतं ते काढा, माहीत असतं ते काढू नका.

नियम चांगला होता. अडचण एवढीच की खऱ्या वस्तूंना रक्त असतं. पचनसंस्थेच्या धड्याला मी कोंबडीवाल्याकडून आतडी, कलेजी, पेटा असा ऐवज पिशवीतून आणला. वास लागून गावातली तीन कुत्री ओट्यावर चढली. आतड्याचं एक टोक कुत्र्याच्या तोंडात आणि दुसरं माझ्या हातात अशी ओढाताण झाली, आणि शेवटी कुत्र्याला आतड्यापेक्षा माझी पोटरी बरी वाटली. पुढे खेकड्याच्या पायांचा धडा आला. चिंबोरीने माझं बोट नांगीत धरलं ते सोडेना. मी ओट्यावर नाचतोय, रक्त थेंब थेंब वहीवर पडतंय, आणि चौथीतली एक मुलगी शांतपणे माझ्या जवळ येऊन म्हणते, "सर, जरा हलू नका ना. माझी नांगी काढायची ऱ्हायलीय."

ती मुलगी लक्षात ठेवा. एखाद्या गोष्टीकडे ती बघायला लागली की पापणी हलवायची नाही. वर्गात बोलायची कमी. तिचे वडील साजगावच्या बाजूला एका कारखान्यात पाळीने कामाला जात आणि घरची भातशेतीही करत, पण पंचक्रोशीत त्यांची ओळख होती ती बैलावरून. भात कापून झालं की आमच्याकडच्या रिकाम्या शेतांत शर्यती लागतात. दोन बैल, मागे हलका छकडा, धूळ, आरडाओरडा, गुलाल. त्यांचा तो पांढरा बैल जोडीत डाव्या अंगाला पळायचा, आणि तो पळाला की छकड्यावरच्या माणसाचा चेहरा वाऱ्याने मागे ओढला जायचा.

गायीबैलांच्या पोटाला चार कप्पे असतात हा धडा आला, तेव्हा मुलंच म्हणाली, खऱ्यावर काढू. मुलीने घरी विचारलं. वडील खुशीत तयार झाले. रविवारी शर्यत होती. शुक्रवारी दुपारी ते बैल घेऊन शाळेत आले आणि त्याला ओट्यासमोरच्या झाडाला बांधला.

"दोनच गोष्टी सांगतो सर," ते म्हणाले. "एक, मी हितंच उभा ऱ्हानार. दोन, काय रंगवायचं ते डाव्या अंगाला. उजवीकडं कोनीच जायाचं नाय. तिकडं त्याचा जोडीदार असतो. दुसऱ्या कोनाची सवय नाय त्याला."

मी मान हलवली. मान मी फार छान हलवतो.

आता पुठ्ठ्याचं सांगायला हवं. फ्रीजच्या खोक्याचा मोठा पुठ्ठा घेऊन मी दोन दिवस खपून त्यात चार कप्प्यांची भोकं कापली होती. बैलाच्या अंगाला पुठ्ठा लावायचा, भोकांतून चुना आणि गेरू फिरवायचा, की झाले चार कप्पे. प्रत्येक कप्प्याचं नाव मी तैलरंगाने, वळणदार अक्षरात लिहिलं होतं. मुलं ओट्यावर वह्या घेऊन बसली. मी पुठ्ठा बैलाच्या डाव्या कुशीला लावला आणि लगेच लक्षात आलं की चित्र मी उलटं कापलंय. अन्ननलिकेचं टोक शेपटीकडे गेलं होतं.

"सर, ह्यो बैल मागनं खातो काय?" एकाने विचारलं. ओटा हसून लोळायला लागला. वडीलही हसले.

शहाण्या माणसाने पुठ्ठा पालटला असता. पण मग माझी वळणदार अक्षरं मागे गेली असती. मी विचार करतोय तोवर वडिलांचा फोन वाजला. तिथे रेंज फक्त रस्त्यावर मिळते. "आलोच," म्हणून ते फाटकाबाहेर गेले. मी दावं सोडलं, बैलाला झाडाभोवती फिरवून आणला आणि त्याची उजवी कूस ओट्याकडे केली. पुठ्ठा कसा छान बसला! तोंडाकडे तोंड, शेपटीकडे शेपूट. बैलाचं सगळ्यांत मोठं पोट खरं तर डाव्या बाजूला असतं, हे मला तेव्हा आठवायला हवं होतं. जे माझ्या धड्यात होतं तेच मला आठवलं नाही.

"सर," ती मुलगी ओट्यावरून म्हणाली, "तिकडं लाल टिपके हायत. मागल्या पायाच्या वर. रांगेत."

"गोचीड असेल. काढ."

"गोचीड न्हवं सर."

"दिसतंय ना? मग काढ. बोलू नको."

आणि मी चुन्यात बुडवलेला कुंचला, भिंत रंगवतात तसा, त्या ठिपक्यांवरून वरून खाली ओढला.

बैल ओरडला. बैल हंबरतो हे आपण लिहितो, पण हे ते नव्हतं. पत्रा फाटावा तसा आवाज आला आणि त्याचं मागचं सगळं अंग माझ्याकडे वळलं. पहिली लाथ पुठ्ठ्याला बसली. पुठ्ठा माझ्या तोंडावर आला, त्यामुळे शिंग येताना मला दिसलं नाही. ते काखेखाली लागलं. टोक आत गेलं नाही हे माझं नशीब, पण मी जमिनीवरून उचलला गेलो आणि झाडाच्या बुंध्यावर जाऊन आपटलो. आतून काहीतरी काटकी मोडल्यासारखं वाजलं. दावं मी परत बांधलं नव्हतं, नुसती वेसण झाडाला अडकवली होती. बैलाने मान झटकली तशी वेसण नाकपुडी फाडून बाहेर आली आणि रक्ताची एक चिळकांडी ओट्याच्या कडेपर्यंत गेली.

मोठ्या बाईंनी एका क्षणात सगळी मुलं वर्गात ढकलली आणि दार लावून घेतलं. मी बाहेर होतो. मी रांगत दारापाशी गेलो, दार वाजवलं. आतून बाई म्हणाल्या, "मुलं मोजतेय, थांबा." पलीकडे बैलाने माझी मोटरसायकल शिंगावर घेऊन टाकीवर फेकली. टाकी फुटली. गेरू मिसळून लाल झालेलं पाणी अंगणभर पसरलं आणि त्यातून बैल परत माझ्याकडे वळला.

तेवढ्यात वडील धावत आले. नाव घेऊन, चुचकारत, हात पुढे करून ते त्याच्यासमोर उभे राहिले. या बैलाला त्यांनी वासरू असल्यापासून वाढवला होता. बैलाने त्यांनाही खाली घेतलं. खूर पावलावर पडला, आणि मग डोकं खाली घालून तो त्यांना फरपटत फाटकापर्यंत घेऊन गेला. आवाजाने चार-पाच माणसं जमली. दोर टाकले, पाय बांधले, बैल आडवा पाडला.

पुढचं मला लिहावंसं वाटत नाही, पण जे दिसलं ते लिहितो. वडील उठले, त्यांनी कुंपणाचा बांबू उपसला आणि पडलेल्या बैलाला मारायला सुरुवात केली. गुडघ्यावर. तोंडावर. फाटलेल्या नाकपुडीवर. बैल हलू शकत नव्हता, फक्त डोळा फिरवत होता. बांबू चिरला तरी ते थांबेनात. दाराची कडी आतून निघाली आणि ती मुलगी पळत येऊन बैलाच्या मानेवर पालथी पडली. वडिलांनी तिला दंडाला धरून ओढली आणि अशी थोबाडीत दिली की ती चिखलात जाऊन बसली. तरी ती परत गेली आणि मानेला बिलगली.

मग ते माझ्याकडे वळले. "ए मास्तर, उजवीकडं जाऊ नको बोललो व्हतो ना?" उत्तराची वाट न बघता त्यांनी लाथ घातली. दोन बरगड्या बैलाने मोडल्या. तिसरी कुणाची, यावर गावात अजून दोन मतं आहेत.

"मंगळवारी बाजारात काढतो याला," माणसांनी मागे ओढलं तेव्हा ते म्हणाले. "मालकावर शिंग टाकलं यानं. मारका झाला. असलं जनावर मला दारात नको."

मारका ठरलेला बैल ना कुणी नांगराला घेत, ना छकड्याला. त्याला कसलेही प्रश्न न विचारता टेंपोत चढवणारंच गिऱ्हाईक मिळतं, आणि तो टेंपो पुढे कुठे जातो ते गावात कुणी विचारत नाही. चौथीतल्या मुलीलाही ते माहीत होतं.

मला कर्जतच्या दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी शिक्षण खात्यातले एक वरिष्ठ आले, सोबत लिहून आणलेला कागद. 'बैल मूळचाच मारका होता. मालकाने ही गोष्ट शाळेपासून लपवली.' खाली माझ्या सहीची जागा. "शाळेवर काही येणार नाही, तुमच्यावर काही येणार नाही," ते म्हणाले. कागद मला फार आवडला. फक्त हात वर होत नव्हता म्हणून, "उद्या करतो," म्हणालो.

रविवारी मोठ्या बाई आल्या. सहानुभूती घेऊन येतील असं वाटलं होतं, त्या वह्या घेऊन आल्या. "पडल्या पडल्या तपासा. नुसतं छताकडे बघून काय होणार?" मी तपासायला घेतल्या. बहुतेक मुलांनी मलाच हवेत काढला होता. त्या मुलीचं चित्र वेगळं होतं. बैलाची उजवी कूस, आणि मागच्या पायाच्या वर अकरा लाल ठिपके, दोन सरळ रांगांत. मी बाजूला लाल पेनने शेरा मारला: 'गोचीड अशी रांगेत बसत नाही. नीट बघून काढ.'

बाईंनी तो वाचला.

"तुम्ही पाहिलंत का?"

"काय?"

"गोचीड. तुम्ही स्वतः पाहिलीत?"

"नाही, पण..."

"माझं माहेर लोधिवलीचं आहे. वडिलांकडे चार बैल होते," बाई म्हणाल्या. "काठीच्या टोकाला खिळा ठोकून टोचलं की अशा जखमा होतात. बैल भिऊन पळतो. आता त्याला बंदी आहे, म्हणून आतल्या अंगाला टोचतात. जोडीदाराच्या आड, म्हणजे मैदानात कुणाला दिसू नये. तिनं जखमा काढल्यात. आणि तुम्ही त्या उघड्या जखमांवर चुना फासलात."

मी वहीतले ठिपके पुन्हा मोजले. अकराच होते. चुना उघड्या मांसावर पडला तर काय होतं ते मला माहीत आहे. मी विज्ञान शिकवतो.

"त्या कागदावर सही केलीत?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"आता?"

खरं सांगायचं तर मी आधी स्वतःचा विचार केला. सही केली तर नोकरी सुखरूप. नाही केली आणि बैलाच्या बाजूने बोललो, तर उरलेल्या बरगड्याही त्या माणसाच्या हवाली. पण बैल मंगळवारी जाणार होता, आणि त्याच्या मानेवर पालथी पडलेली ती पोर डोळ्यासमोरून हलेना. सोमवारी सकाळी छातीला पट्टा बांधून, डॉक्टरांच्या शिव्या खाऊन मी रिक्षाने गावात गेलो.

वडील पडवीत बसले होते, पायाला बँडेज. मला बघितलं आणि शेजारची काठी घेऊन उठले. मी वही ढालीसारखी छातीशी धरली.

"मारा, पण आधी हे बघा," मी म्हणालो. "म्हणजे, शक्यतो मारू नका."

आवाज ऐकून मुलीची आई बाहेर आली. हातात चाऱ्याचा विळा. नवरा लंगडत पुढे येतोय आणि मास्तर मागे सरकतोय हे तिने बघितलं आणि दोघांच्या मध्ये उभी राहिली. माझ्या हातून वही घेतली. चित्र बघितलं.

"हे काय हाय?"

"ताई, बैलाच्या उजव्या अंगाला आहे हे. तुमच्या मुलीनं बघून काढलंय."

"त्याचं काय ऐकतेस?" वडील ओरडले. "त्याच्यामुळं झालंय समदं!"

"गप ऱ्हावा जरा." तिने मुलीला हाक मारली. मुलगी दारात आली. गालावर अजून बोटं उठलेली होती. "हे तू बघितलंस गं?"

"हो."

मुलीची आई गोठ्यात गेली. बैल कायम उजवी कूस भिंतीला लावून बांधलेला असायचा, त्याला धुवायचे तेही वडील स्वतःच. ती भिंत आणि बैल यांच्या मधल्या फटीत शिरली. बैलाने लाथ झाडली. भिंतीचा पोपडा निखळून पडला. ती मागे सरली नाही. हळूहळू बोलत राहिली, मग तिचं बोलणं थांबलं. चिघळलेल्या जखमांवर माश्या बसल्या होत्या, चुन्याने कातडी सोलली होती.

ती बाहेर आली ती सरळ वळचणीपाशी; नवऱ्याला तिथे काहीतरी खोचताना तिने कधीतरी पाहिलं होतं. हात वर घालून तिने कौलांखालून एक काठी ओढून काढली. टोकाला खिळा.

"ही हितं कोनी ठेवली?"

"अगं, समदेच करतात," वडील म्हणाले. "त्याबिगर पळत नाय बैल. तुला काय कळतंय त्यातलं?"

तिने काठी उलटी धरली आणि खिळा त्यांच्या मांडीत खुपसला.

ते किंचाळले. त्यांचा हात तिच्यावर उगारला गेला. ती हलली नाही, काठीचं टोक तसंच पुढे धरून उभी राहिली. पायजम्यावर रक्ताचा डाग पसरत होता.

"मारायला हात उचललात," ती म्हणाली. "म्हंजे तुमी पन मारके झालात. उद्या बाजारात तुमाला काढू का?"

मुलगी दारात उभी राहून सगळं बघत होती, पापणी न हलवता. वडिलांनी तिच्याकडे बघितलं. मग हात खाली आला आणि ते पडवीच्या पायरीवर बसले. आईने काठी पायाखाली धरून मोडली, तुकडे चुलीत घालायला मुलीच्या हातात दिले आणि माझ्याकडे वळली. मी दोन पावलं मागे गेलो.

"तुमी काय बघत उभे हाय सर? चुना तुमी लावलात. गुरांच्या डॉक्टरला फोन लावा."

मी रस्त्यावर पळत गेलो. बरगड्या मोडलेल्या माणसाचं पळणं कसं असतं ते मुलीने नंतर वहीत काढलं होतं.

मंगळवारी बैल बाजारात गेला नाही. डॉक्टरांनी नाकपुडी शिवली, जखमा धुतल्या. तो पुन्हा शर्यतीला पळाला नाही. आता तो भाताचे भारे ओढतो आणि कुणाच्या अंगावर जात नाही. मी त्या कागदावर सही न करता दुसरा लिहून दिला, त्यात पुठ्ठ्यापासून चुन्यापर्यंत सगळं, आणि खिळ्याचंही. मला लेखी ताकीद मिळाली, मुलीच्या वडिलांना दम मिळाला. मुलीच्या वहीतला लाल शेरा मी खोडला आणि खाली 'बरोबर' लिहिलं. ती म्हणाली, "ते मला ठाऊक हाय." तिचे वडील धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला कर्जतच्या त्याच दवाखान्यात आले होते. नर्सने जखम बघून विचारलं, "हे पण बैलानंच का?" ते "हो" म्हणाले. शेजारच्या पलंगावर मी परत येऊन पडलो होतो. आम्ही दोघंही छताकडे बघत राहिलो. अजूनही रस्त्यात भेटलो तर ते शेताकडे बघतात, मी डोंगराकडे.

उन्हं तापायला लागली तसा मुलांनी तगादा लावला. चार कप्प्यांचा धडा अर्धाच राहिला होता. धीर करून मी एका संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. मुलीची आई बैलाची पाठ काथ्याने घासत होती. तो डोळे मिटून उभा. मी लांबूनच विचारलं की बैल पुन्हा एकदा शाळेत आणता येईल का, नुसता गेरू, चुना नाही, आणि मी या वेळी सगळी काळजी घेईन.

तिने माझ्याकडे वळूनही बघितलं नाही.

"बैल खुशाल न्या. पोरगी घेऊन यील, पोरं रंगवतील, बाई बघतील," ती म्हणाली. "तुमी फकस्त त्या दिवशी रजा टाका."